वेबसाईटवरचा कारखाना बघायला

कोल्हापूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या अकोल्यात लोक आधी विचारतात, देवीचं दर्शन झालं का, आणि मग विचारतात, चपला आणल्या का. माझं दोन्ही झालं नाही. मी गेले होते दाराच्या बिजागऱ्या बघायला. म्हणजे निदान भेटेल त्याला मी तसं सांगत होते. खरं तर मी एक स्थळ बघायला गेले होते, तेही न कळवता आणि खोट्या नावाने. त्या प्रवासात मी पोटभर जेवले, चांगली माणसं पाहिली आणि परत येताना गाडीत सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून बसले. जे त्या बाजूला गेले नाहीत त्यांनी जरूर जावं, फक्त माझ्यासारखं जाऊ नये.

आधी आम्ही कोण ते सांगते. अकोल्यात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, खिळे, नळाच्या तोट्या. नवरा गेल्यावर सगळे म्हणाले, बाई, दुकान भाड्याने द्या आणि घरी बसा. मी गल्ल्यावर बसले ती आजतागायत. लोखंडावर पाणी चढवून ते पितळ म्हणून खपवणारे एजंट माझ्या दुकानाची पायरी चढत नाहीत, कारण माझ्या पर्समध्ये कायम एक लोहचुंबक असतो. आपल्याला कोणी फसवू शकत नाही ही माझी घमेंड होती, आणि ती मी चारचौघांत बोलूनही दाखवायचे.

अश्विनी माझ्या बहिणीची मुलगी. कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची. आम्ही लिंगायत, आमच्यातली स्थळं आमच्या भागात मोजकी. वधूवर मेळाव्याच्या पुस्तकातून पार कोल्हापूरकडचं एक स्थळ आलं. मुलाचं नाव बसवराज, डिप्लोमा झालेला, घरचा दाराच्या फिटिंगचा कारखाना. आणि बायोडाटाच्या तळाशी, जिथे लोक मामाचं नाव आणि गाव लिहितात, तिथे वेबसाईटचा पत्ता. दोन हजार पाच साल असेल. घरोघरी कॉम्प्युटर नव्हते, गल्लीत एखादा सायबर कॅफे असायचा. माझी बहीण त्या एका ओळीनेच हरखून गेली होती. कारखान्याचं नाव मी इथे देणार नाही, त्याचं कारण पुढे कळेल.

अश्विनीने मला सायबर कॅफेत नेऊन ती वेबसाईट दाखवली. पहिल्याच पानावर भलामोठा पांढराशुभ्र कारखाना, त्याच्यामागे टोकदार झाडं आणि डोंगरावर बर्फ.

"मावशी, कोल्हापुरात बर्फ पडतो का गं?" तिने विचारलं.

मग ती एकेक दाखवत गेली. चाळीस वर्षांची परंपरा. चौदा देशांत निर्यात, आणि खाली झेंड्यांची रांग. दर्जाच्या प्रमाणपत्राचं एक सोनेरी चिन्ह गरगर फिरत होतं, पण प्रमाणपत्र कोणी दिलं, कधी दिलं, काही नाही. तीन ग्राहकांचे अभिप्राय, तिघेही एकाच माणसासारखे बोलणारे. ईमेलचा पत्ता फुकटवाला. एजंटच्या बॅगेतलं सॅम्पल मी जसं उलटंपालटं करून बघते तशी ती त्या पानांकडे बघत होती, आणि मला तिचं मोठं कौतुक वाटत होतं. फक्त एका फोटोशी ती थांबली. तळहातावर ठेवलेली एक बिजागरी. फोटो जरा हललेला, नखांमध्ये काळं तेल. हा एवढा खरा वाटतो, असं ती म्हणाली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तू बघून ये. तू सांगशील ते मी करीन. पण तो माणूसच खोटा असेल तर मला नको."

म्हणजे पोरीचं होय-नाही माझ्या शब्दावर आलं. आणि मी ठरवलं की जायचं ते सांगून जायचं नाही. सांगून गेलं की लोक भिंतींना रंग देतात आणि शेजाऱ्याची मोटार दारात उभी करतात. आपण विदर्भातले डीलर म्हणून जायचं, माल बघायचा, माणसं बघायची आणि यायचं. अश्विनीचे वडील, म्हणजे माझे वसंतराव भाऊजी, माझ्याबरोबर निघाले. शाळेत क्लार्क होते, जन्मात कधी खोटी रजा टाकली नाही असा माणूस. आडनाव जोशी सांगायचं असं मी त्यांना गाडीत पढवलं.

कोल्हापूर

गाडी स्टेशनात शिरायच्या आधीच मी भाऊजींना कपाळ पुसायला लावलं. ते रोज आंघोळ करून तीन बोटांनी भस्म लावतात. गाडीतही त्यांनी तोंड धुऊन आधी ते काम केलं होतं. मी म्हटलं, भाऊजी, जोशांच्या कपाळावर हे कसं चालेल? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रुमाल पाण्यात बुडवला आणि पुसून टाकलं. गळ्यातलं इष्टलिंग तर शर्टाच्या आत होतंच.  मला तेव्हाच काहीतरी टोचायला हवं होतं, पण मी रिक्षावाल्याशी भावाची घासाघीस करण्यात गुंतले होते.

कोल्हापूर हे मोठ्याने बोलणारं गाव आहे. रिक्षावाला प्रेमाने विचारत होता तरी आपण काही गुन्हा केलाय असं वाटावं. आमच्याकडे 'काय करून राहिले' म्हणतात याची पुण्याचे लोक थट्टा करतात, पण इथे बायकाही 'मी जातो, मी येतो' म्हणतात आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. नाश्त्याला मिसळ घेतली. आमच्या वऱ्हाडात तर्रीवर वाढलेली मी बाई, मला कोण तिखट दाखवणार अशा तोऱ्यात कट ओतून घेतला आणि दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. भाऊजींना त्यात जरा बरं वाटलेलं दिसलं.

सगळ्यात गंमत वाटली ती दुधाच्या कट्ट्याची. म्हशी थेट रस्त्याच्या कडेला आणून बांधलेल्या, गिऱ्हाईक समोर उभं, त्याच्या देखत धार काढायची आणि फेसासकट ग्लास हातात द्यायचा. डोळ्यांसमोर काढलेल्या दुधाखेरीज दुसऱ्या कशावर विश्वास न ठेवणारं हे गाव. इथल्या माणसाने बर्फातला कारखाना दाखवावा याचा मला जास्तच राग आला. भाऊजी दोन ग्लास प्यायले. त्याचा परिणाम म्हणून पुढचा तासभर आम्ही एका लॉजच्या पायऱ्यांवर काढला, कारण मालक चांगला होता आणि त्याने भाऊजींना आतला संडास वापरू दिला.

वेबसाईटवरचा पत्ता उद्यमनगरातला होता. दुपारभर लेथ मशीनच्या किरकिरीतून हिंडलो. शेवटी पत्ता सापडला तो एका स्प्रिंगा विकणाऱ्याच्या दुकानाचा. दुकानाच्या फळीवर एका कोपऱ्यात कारखान्याच्या नावाची हातभर पाटी. दुकानदाराने आम्हाला आधी पाणी दिलं आणि मग सांगितलं की हे नुसतं टपालापुरतं, कारखाना गडहिंग्लजला. मी भाऊजींकडे विजयाने पाहिलं. पहिल्याच दिवशी पत्ता खोटा निघाला होता.

भाऊजी म्हणाले, "आता परत जाऊ. कळलं ना तुले काय कळायचं ते."

पण मला पूर्ण कळायला हवं होतं. अर्धवट माल बघून मी कधी परत पाठवत नाही.

गडहिंग्लज

सकाळच्या एस.टी.ने निघालो. ही बस महाराष्ट्रातून निघते, मध्ये कर्नाटकात शिरते आणि पुन्हा महाराष्ट्रात येते, त्यामुळे दुकानांच्या पाट्या मराठीच्या कानडी होतात आणि कानडीच्या परत मराठी. निपाणीला बसमध्ये तंबाखूचा वास भरला. संकेश्वरला एक बाई चढली, ती कंडक्टरशी मराठीत भांडली आणि शेजारणीशी कानडीत हसली. रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस. कपाशी आणि तूर बघत मोठी झालेली माझी नजर त्या हिरव्यात जरा गांगरली.

आम्ही आधी फोन केला नव्हता, तरी स्टँडवर कारखान्याचं नाव काढताच एकाने आम्हाला थेट दारापर्यंत सोडलं. दार म्हणजे पत्र्याच्या शेडचं. लागूनच कौलारू घर. शेडमध्ये तीन पॉवर प्रेस, एक पॉलिशची मोटर, आणि खाली बसून बिजागऱ्या पाकिटात भरणाऱ्या दोन बायका. झाडं म्हणायला एक शेवगा होता.

मालक मल्लाप्पा अण्णा, मुलाचे वडील, हात पुसत बाहेर आले. टोपी, पायजमा, शर्टाच्या खिशात मोजपट्टी. आम्ही अकोल्याचे जोशी, आपली वेबसाईट बघून आलो, असं मी सांगितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी नजर दुसरीकडे वळवली.

"कम्पुटर बगून आलेलं तुमीच पयलं पावणं," ते म्हणाले. "पोरगं म्हणत हुतं, येतील. मी म्हटलं, कोण येतंय खुळ्या. आलासा की वो."

शेजारच्या दोघांना त्यांनी हाक मारून आम्हाला दाखवलं. चहा आला, चहाबरोबर केळी आली. मग अण्णांनी एक स्टूल ओढलं आणि म्हणाले, त्यात काय काय लिहिलंय ते जरा वाचून दाखवा की, आपल्याला इंग्रजी येत न्हाय, पोरगं नुसतं हसतं आणि सांगत न्हाय. अश्विनीने छापून दिलेली पानं माझ्या पर्समध्ये होती. मी ती काढली. मला वाटलं, हीच वेळ आहे, आता बघू हा माणूस तोंड कसं लपवतो.

चाळीस वर्षांची परंपरा, मी वाचलं. अण्णा हसले. शेड टाकून सहा वर्षं झाली, त्याआधी कोल्हापुरात दुसऱ्याच्या प्रेसवर होतो, असं त्यांनी सांगितलं. चौदा देशांत निर्यात. ते पुन्हा हसले, पण कमी. पाहुण्यांचा एक मुलगा दुबईला असतो, त्याच्या खोलीच्या दाराला एकदा एक जोडी पाठवली होती. मी पुढचं पान उलटलं. मला थांबता आलं असतं. प्रमाणपत्र, अभिप्राय, सगळं मी मराठी करून सांगितलं, आणि शेवटी तो फोटो त्यांच्या हातात दिला. अण्णांनी तो कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"हे कुठलं हो गाव?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तुमचा कारखाना म्हणून दाखवलाय. प्रेस थांबली होती, पाकिटं भरणाऱ्या बायकाही ऐकत होत्या. अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"अक्का, ह्यातलं कायबी आमचं न्हाय. माल तेवढा आमचा हाय," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "पोरानं लिवलंय सगळं. सध्या पडूनच हाय पोरगं."

मुलाबद्दल एक अक्षर काढायचं नाही असं आमचं ठरलेलं होतं. बाहेरगावच्या डीलरला मालकाच्या मुलाशी काय करायचंय? नको ते विचारलं तर बिंग फुटेल. म्हणून मी घाईघाईने विचारलं, बरं, डझनाचा भाव काय? अण्णांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि भाव सांगितला.

मी चुंबक काढला. पितळी बिजागरीला लावला, चिकटला नाही. तिच्या आतल्या खिळीला लावला, नाही. बिजागरी उघडून मिटून पाहिली, कुठे खडखड नाही. मालाला नाव ठेवायला जागा नव्हती. एखाद्या डीलरला याचा आनंद झाला असता. मला मात्र आपल्या हातातलं काहीतरी निसटतंय असं वाटत होतं, कारण मी खोटं शोधायला आले होते आणि ते नेमकं जिथे होतं तिथून उचलून मी ते या साध्या माणसाच्या पदरात टाकलं होतं, त्याच्याच कामगारांसमोर.

तिथलं जेवण

लॉजचा विषय काढला तर अण्णा दुखावले. जेवल्याशिवाय आणि राहिल्याशिवाय सोडत नाही म्हणाले. संध्याकाळी आम्ही दोघं हिरण्यकेशीच्या काठाने फिरून आलो. नदी संथ होती, पलीकडे कोणी बैल धूत होतं. मी भाऊजींना माझा निकाल सांगितला. माल चोख, बाप सरळ, पण मुलगा लबाड. बापालाही पत्ता लागू न देता एवढं खोटं रचणारा मुलगा आपल्या पोरीला नको.

 भाऊजी म्हणाले, "त्यानं वेबसाईटीवर लिहिलं. आपण त्याच्या घरात बसून बोलून राहिलो. काऊन तो एकटा लबाड?"

मी म्हटलं, आपण पोरीसाठी करतोय. ते म्हणाले, त्यानं बापासाठी केलं असंल. मला राग आला आणि मी पुढे चालू लागले. खरं बोलायचं तर राग त्यांचा नव्हता.

अण्णांची बायको गौराक्का. उंच, हाडापेराने मजबूत, बोलण्यात मध्येच कानडी शब्द. सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, पाट मांडल्यावर तिने आधी एक गोष्ट विचारली.

"जोशी म्हंजे बामण न्हवं तुमी? आमच्यात जेवतासा न्हवं?"

हा प्रश्न तिने मोठ्या संकोचाने विचारला. आमच्याच जातीची बाई, आमच्याच देवाला हात जोडणारी, आणि ती आपल्याच माणसांना विचारत होती की माझ्या हातचं चालेल का. मी म्हटलं, चालेल हो. भाऊजी ताटाकडे बघत होते.

ज्वारीची भाकरी आमच्याकडेही रोजची, पण तिची भाकरी कागदासारखी पातळ आणि पापुद्रा सुटलेली. भरली वांगी, दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी, कांद्याची पात. आणि गव्हाची खीर, जिला तिकडे हुग्गी म्हणतात. ती सणाला किंवा पाहुण्याला करतात. वाढता वाढता गौराक्का दोनदा एक ताट घेऊन आतल्या खोलीत गेली. दाराला पडदा होता, आत रेडिओ बारीक चालला होता. कोणी म्हातारं माणूस असेल असं मी मनाला सांगितलं, आणि त्यावर आणखी विचार करायचं टाळलं.

जेवण संपत आलं. मी हात धुवायला उठले आणि मागे वळून पाहिलं तर भाऊजींनी तांब्यातलं पाणी आपल्या ताटात ओतलं होतं. ताट त्यांनी बोटांनी फिरवून धुतलं, दोन्ही हातांनी उचललं आणि ते पाणी पिऊन टाकलं. मग कोरड्या हाताने ताट पुसून खाली ठेवलं. अन्न हा प्रसाद, त्याचा कणही वाया जाऊ द्यायचा नाही, म्हणून आमच्यातली जुनी माणसं असंच करतात. मी कधीच सोडून दिलं. भाऊजी लहानपणापासून रोज करत आलेत, आणि पोट भरल्याच्या समाधानात ते जोशी आहेत हे विसरून गेले.

गौराक्का समोरच उभी होती, हातात खिरीचं पातेलं. तिने ते ताट पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.  पातेलं खाली ठेवून तिने भाऊजींच्या हातावर पाणी घातलं, आणि जेवणाआधी पाणी घालताना ताठ उभी असलेली ती या वेळी वाकली. मग त्याच सोप्यात आमच्यासाठी धुतलेल्या चादरी अंथरल्या. मला झोप लागली नाही, इतकंच सांगते.

निघताना

सकाळी भाऊजी आंघोळ करून सोप्यात आले. गौराक्का आतून एक लहान तबक घेऊन आली आणि त्यांच्यापुढे ठेवून बाजूला झाली. त्यात भस्माची वडी होती आणि पाण्याची वाटी. भाऊजी तिथेच बसले. वडी पाण्यात भिजवून त्यांनी तीन बोटं कपाळावर ओढली. मल्लाप्पा अण्णा दारात उभे होते. मी कुठे बघावं हे मला समजत नव्हतं.

मीच तोंड उघडलं. आम्ही अकोल्याच्या अश्विनीकडचे, हे तिचे वडील, मी मावशी, असं सांगितलं. अण्णांनी नुसती मान हलवली. गौराक्का म्हणाली, आम्हाला रात्रीच कळलं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? पावणं जेवत हुतं, एवढंच ती म्हणाली.

मी माफी मागितली. लाजही कशी असते पाहा, माफी मागतानाही मी माझी बाजू मांडली. वेबसाईटवर इतकं खोटं होतं म्हणून आम्हाला असं यावं लागलं, असं मी बोलून गेले. अण्णा म्हणाले की काल आम्ही नदीवर गेलो तेव्हा त्यांनी मुलाला विचारलं. मुंबईच्या व्यापाऱ्यांना फोन केला की ते आधी विचारायचे, कारखाना केवढा, माल कुठे कुठे जातो. खरं सांगितलं की फोन ठेवून द्यायचे. म्हणून पोराने दुसऱ्यांच्या वेबसाईटी बघून तसंच सगळं लिहिलं. चुकलं त्याचं, अण्णा म्हणाले, आणि ते आम्ही त्याला सांगितलंय. मग ते पानाचा डबा आणायला म्हणून आत गेले.

गौराक्का माझ्या समोर बसली.

"अक्का, कारखाना खोटा हाय का खरा हाय, ते बगाय आलासा. त्येचं मला कायबी न्हाय. पोरगी द्यायची म्हंजे माणूस बगणारच. पर माझं पोरगं त्या पडद्याच्या मागं पडलंय. टेम्पोतनं पत्र्याचा बंडल सुटला, त्यो पायावर आला. ह्येनी तुमास्नी सांगितलं, पोरगं पडून हाय. तुमी डझनाचा भाव इचारलासा."

 पडदा हाताच्या अंतरावर होता. आतला रेडिओ कधीचाच बंद झाला होता. शेडमधलं वाचन, चहाच्या वेळच्या गप्पा, आत्ताची माफी, सगळं त्याने ऐकलं असणार. ज्याच्यासाठी एवढा लांबचा पल्ला गाठला त्याला मी पाहिलंच नव्हतं, आणि पाहायची संधी त्याच्या बापाने स्वतःहून दिली तेव्हा मी ती बाजूला सारली होती. मी उठले. म्हटलं, येऊ का आत, भेटते त्याला. भाऊजीही उठले.

गौराक्काने हात आडवा केला. रागाने नाही.

"आता नगो. आता बगाय गेलासा तर त्यो बी माल झाला. नावगाव सांगून या कवातरी, मग दार उघडंच हाय."

निघताना तिने भाकरी आणि चटणी कापडात बांधून दिली. अण्णा स्टँडपर्यंत आले, आम्हाला जागा धरून दिली आणि बस सुटेपर्यंत खिडकीशी उभे राहिले. वेबसाईटचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. संकेश्वर आलं, निपाणी आलं, पाट्या कानडी झाल्या आणि परत मराठी झाल्या. जाताना मी भाऊजींना सगळं बोट दाखवून सांगत होते. परतताना मी खिडकीकडे तोंड करून बसले.

अकोला

घरी पोचलो तेव्हा बहीण दारातच होती आणि तिचा पहिला प्रश्न होता, कारखाना कसा आहे. मी बोलायच्या आत भाऊजींनी सगळं सांगून टाकलं. जोशी आडनाव, पुसलेलं भस्म, शेडमध्ये वाचलेली पानं, ताट, पडदा. त्यांनी मला दोष दिला नाही, प्रत्येक ठिकाणी 'आम्ही' म्हणत गेले, आणि ते मला जास्त लागलं. बहीण कपाळाला हात लावून बसली. स्थळ गेलं असंच तिने धरून चाललं होतं.

अश्विनी भिंतीला टेकून ऐकत होती. सगळं झाल्यावर तिने विचारलं, पाय कधी मोडला?

आम्हाला माहीत नव्हतं. ऑपरेशन झालं की नुसतं प्लास्टर? माहीत नव्हतं. उठून बसता येतं का त्याला? भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी जमिनीकडे. बिजागरीच्या पत्र्याची जाडी मला सांगता आली असती, पॉलिश कसं होतं ते सांगता आलं असतं, डझनाचा भाव तर तोंडपाठ होता. त्या घरात मी एक रात्र राहून आले होते आणि पोरीने विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

तिने फडताळातून बायोडाटा काढला आणि फोनपाशी जाऊन नंबर फिरवायला लागली. बहीण म्हणाली, अगं, आधी मोठ्यांना बोलू दे, असं मुलीने फोन करणं बरं दिसत नाही. अश्विनीने ऐकलं नाही. पलीकडे कोणीतरी उचललं.

"मी अकोल्याहून अश्विनी बोलते," ती म्हणाली. पुढे बापाचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, खरं. "परवा तुमच्याकडे जोशी म्हणून आले होते ते माझे बाबा आणि माझी मावशी. बसवराज यांचा पाय आता कसा आहे?"

ती ऐकत राहिली. पलीकडे आई होती, वडील होते की तो स्वतः, ते आम्हाला कळलं नाही. एकदा ती हं म्हणाली. मग रिसिव्हर कानाला तसाच धरून तिने पायाने स्टूल जवळ ओढलं आणि बसली. बहीण माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणते म्हणून. मला तिथे थांबायला तोंड नव्हतं. मी उठून आत गेले.